अस्सलाचा अहंकार

एखाद्या कथेचा जीव घ्यावयाचा असेल तर तिची निंदा करावी लागत नाहीं. तिच्यांत चिमूटभर उपदेश मिसळला म्हणजे काम भागतें. पोकेमॉन या जपानी खेळावरून निघालेल्या पहिल्या मोठ्या चित्रपटाच्या इंग्रजी रूपांतरकारांनीं नेमकें हेंच केलें आहे. विचित्र प्राणी पकडावे, पोसावे आणि झुंजवावे असा हा १९९६ सालचा पोरखेळ. त्यावर प्राध्यापकानें शाई कां खर्चावी, असें कोणी विचारील. उत्तर इतकेंच कीं, बालपणीं मनावर जें ठसतें तें मोठेपणीं सहसा पुसलें जात नाहीं.

मूळ चित्रपट १९९८ चा. दिग्दर्शक कुनिहिको युयामा, लेखक ताकेशी शुदो. म्यू नांवाच्या दुर्मिळ प्राण्याच्या अवशेषावरून शास्त्रज्ञ म्यूटू घडवितात. आपण कोण व कशासाठीं जन्मलों, या प्रश्नानें पोळलेला तो जीव प्रयोगशाळा उद्ध्वस्त करतो, पुढें एका बेटावर इतरांचे प्राणी हिरावून त्यांच्या प्रतिकृति निर्माण करतो, आणि मग अस्सल व नक्कल यांची झुंज जुंपते. म्याऊथ नांवाचा बोलका बोका येथें म्यूचें म्हणणें इतरांस समजावून सांगतो. जपानी संहितेंत तें म्हणणें असें कीं, अस्सल तें अस्सलच. अद्भुत शक्तींचा आधार सोडून केवळ अंगबळानें लढल्यास अस्सल नकलेपुढें हार जाणार नाहीं. म्हणजे ज्याला आपण निष्पाप समजत होतों त्याच्याच पोटांत कुलाभिमान दडलेला! १९९९ च्या अमेरिकन आवृत्तींत हाच म्यू, शक्तीच्या प्रदर्शनानें कांहींच सिद्ध होत नाहीं, खरें बळ हृदयांत असतें, असें प्रवचन देतो. गर्विष्ठाचा एका फटक्यांत साधु झाला.

यांत बिघडलें काय? सर्वच बिघडलें. त्या झुंजीचा निकाल लागत नाहीं. अस्सल आणि नक्कल दोन्ही दमून कोसळतात. मूळ कथेंत ही बरोबरी म्हणजे म्यूच्या बढाईस मिळालेलें उत्तर आहे. रूपांतरांत बढाईच नसल्यामुळें तिचा अर्थ एवढाच उरतो कीं, भांडूं नये! ज्या खेळाचा सारा व्यापार झुंजीवर चालतो त्याच्याच चित्रपटानें हा उपदेश करावा, ही विसंगति तर निराळीच.

रूपांतराचे कैवारी म्हणतील, जन्म कसा झाला यास महत्त्व नाहीं, लाभलेल्या आयुष्याचें आपण काय करतों यास आहे, असा उदात्त विचार शेवटीं म्यूटूच्या तोंडीं घातला आहे ना? घातला आहे, आणि विचार खोटा नाहीं. पण तो चुकीच्या तोंडीं घातला आहे. जन्माला महत्त्व नाहीं हें ज्याला जन्मावरून हिणविलें गेलें त्यानें शिकावयाचें, आणि हिणविणाऱ्यानें मात्र संतपदीं बसावयाचें, हा कोठला न्याय? रंगमंडपांत कर्णाला त्याचें कुल विचारलें गेलें तेव्हां मान कर्णाची खालीं गेली. जावयास हवी होती ती विचारणाऱ्याची.

बरें, हा अस्सलपणा राहतो तरी कोठें? स्कॉटलंडमध्यें ५ जुलै १९९६ रोजीं जन्मलेली डॉली मेंढी एका सहा वर्षांच्या मेंढीच्या स्तनपेशीपासून निर्माण झाली. २७७ प्रयत्नांतून ती एकटीच जगली. नक्कलच ती, तरी तिला स्वतःचीं कोकरें झालीं, स्वतःचीं दुखणीं झालीं, आणि २००३ सालीं आलें तें मरणही तिचें स्वतःचेंच. खुद्द त्या खेळाच्या 'गोल्ड' व 'सिल्व्हर' या आवृत्तींत तर, नोंद होत असतां नेमक्या क्षणीं यंत्र बंद केलें कीं एकाच प्राण्याचे दोन होतात. गुण, डावपेंच, ओळखक्रमांक, सर्व कांहीं तेंच. त्यांतील अस्सल कोणता, हें यंत्रालाही सांगतां येत नाहीं. अस्सलपणाची खूण प्राण्याच्या अंगावर सांपडत नसेल, तर ती मिरविणाऱ्याच्या मनांतच शोधली पाहिजे.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, मुलांस हा चित्रपट दाखवावयाचाच असेल तर मूळ संवादांसह दाखवावा. म्यूचा गर्व त्यांना दिसूं द्यावा. नकलेला धीर देणारे पुष्कळ निघतात. अस्सलाला त्याचा अहंकार दाखविणारी गोष्ट क्वचितच लिहिली जाते. येथें ती लिहिली गेली होती. रूपांतरकारांनीं ती पुसून टाकली.