‘साचलेले गाव’ नावाची सोय

रशियन कादंबरीविषयी मराठीत लिहिताना आपण एक शब्द इतक्या सवयीने वापरतो की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. तो शब्द म्हणजे ‘साचलेपण’. गोगोल असो, चेखव असो, दस्तयेव्हस्की असो. कथानक राजधानीबाहेर गेले की ‘रशियन जिल्हागावाचे साचलेले, कुंद वातावरण’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत येते, प्रबंधात येते आणि (हे अधिक खेदाचे) वर्गातल्या व्याख्यानातही येते. मीही ते अनेक वर्षे उच्चारले आहे. तेव्हा पुढची तक्रार काही अंशी स्वतःविरुद्धच आहे.

‘करामाझव बंधू’मधल्या गावाचे उदाहरण घेऊ. त्याचा नमुना कोणता, यावर फारसा वाद नाही. नॉवगरदच्या दक्षिणेला, इल्मेन सरोवरापलीकडे, पोलिस्त आणि पोरुस्या या नद्यांच्या संगमावर स्ताराया रूसा वसले आहे. मुलांच्या प्रकृतीसाठी खनिज पाण्याच्या स्नानांची जागा हवी होती, म्हणून दस्तयेव्हस्की कुटुंब १८७२ च्या उन्हाळ्यात तिथे प्रथम गेले. पुढे १८७४-७५ चा हिवाळाही त्यांनी तिथेच काढला, आणि १८७६ मध्ये नदीकाठचे घर विकत घेतले.

हे गाव ‘साचलेले’ होते काय? नॉवगरदच्या बखरीत त्याचा उल्लेख ११६७ सालचा आहे. इथल्या खाऱ्या झऱ्यांचे पाणी आटवून मीठ काढीत आणि ते दूरवर विकले जाई. गावाची मध्ययुगीन श्रीमंती या मिठाची. उत्खननात इथे भूर्जसालीवरची चाळीसहून अधिक पत्रे मिळाली आहेत. ज्या गावातली सामान्य माणसे आठ-नऊशे वर्षांपूर्वी एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत होती, त्या गावाला मुके ठरवण्यापूर्वी थोडे थांबायला हवे. एकोणिसाव्या शतकात तर गावाला स्वस्थता अशी लाभलीच नाही. १८२४ मध्ये ते अराकचेयेव्हच्या लष्करी वसाहतींच्या कारभारात गेले. शेतकऱ्याने शेतीही करायची आणि कवायतही, घरातली चूल कधी पेटवायची हेसुद्धा नियमाने ठरायचे, असा तो प्रयोग. जुलै १८३१ मध्ये पटकीच्या साथीत त्याचा स्फोट झाला. अधिकारी आणि वैद्य पाण्यात विष कालवीत आहेत या अफवेने लोक उठले, अनेकांना ठार मारले गेले, आणि मग बंडखोरांना सैनिकांच्या रांगांमधून फटके खात चालवण्यात आले. कित्येक जण त्यातच मेले. दस्तयेव्हस्की तिथे पोचला तेव्हा या घटनेला अवघी एकेचाळीस वर्षे झाली होती. ती डोळ्यांनी पाहिलेले लोक गावात असणारच.

राजधानीचा हात इथवर कसा पोचत होता, याचा अनुभव त्याला स्वतःलाही आला. माजी राजकीय कैदी म्हणून त्याच्यावर गुप्त पाळत होती, आणि स्थानिक पोलीस अधिकाऱ्याने तिचे कागद आपल्याला दाखवले, असे पत्नी अन्नाने आठवणींत लिहून ठेवले आहे.

यावर ठरलेला आक्षेप येईल: गावाच्या इतिहासाचे काय घेऊन बसलात? कादंबरीत लेखकानेच त्याला ‘स्कोतोप्रिगोन्येव्स्क’ म्हणजे गुरे हाकून आणण्याचे ठिकाण असे हिणकस नाव दिले आहे ना? दिले आहे. पण ते कुठे आणि कसे दिले आहे, हे वाचण्याचे कष्ट आपण घेत नाही. कादंबरीचा निवेदक त्याच गावचा रहिवासी आहे. शेकडो पाने तो नुसते ‘आमचे गाव’ म्हणतो. नाव उघड होते ते थेट अकराव्या पुस्तकात, खटल्याच्या आदल्या दिवशी. तेही कसे, तर पीटर्सबर्गच्या एका गावगप्पा छापणाऱ्या वृत्तपत्रातल्या मजकुराच्या मथळ्यातून. आणि ते सांगताना निवेदक ओशाळतो, आजवर आपण ते लपवले होते अशी कबुलीही देतो. म्हणजे आतल्या माणसाला हे ‘आमचे गाव’ आहे. गुरांचा बाजार ते होते राजधानीच्या छापील कागदावर. आपली समीक्षा गाव ओळखते ते या दुसऱ्या नावाने, आणि त्या वृत्तपत्राच्या वार्ताहराची नजर दस्तयेव्हस्कीची म्हणून खपवते.

शिवाय या तथाकथित डबक्यात काय काय येऊन पडते पाहा. १८६४ च्या सुधारणांतून आलेले ज्यूरीचे न्यायालय, पीटर्सबर्गहून आलेला नामांकित वकील, खटला ऐकायला परगावाहून लोटलेली गर्दी, आणि पैजेखातर दूरच्या स्थानकावर रुळांच्या मध्ये निजणारा कोल्या क्रासोत्किन. (खुद्द स्ताराया रूसात रेल्वे आली १८७८ साली, म्हणजे कादंबरीचे लेखन सुरू झाले त्याच वर्षी.) ज्यूरीत शेतकरी बसले आहेत आणि निकाल त्यांच्या हातात आहे. हे साचलेपण असेल तर वाहतेपण कशाला म्हणायचे?

‘साचलेल्या गावा’ची प्रतिमा रशियन लेखकांनीच घडवली, हे खरे. गोगोलचे ‘न’ नावाचे शहर आहे, साल्तिकोव्ह-श्चेद्रिनचे ग्लुपव तर नावानेच मूर्खांचे. पण ते उपहासाचे संकेत आहेत. त्यांना समाजशास्त्रीय पुरावा म्हणून वापरणे म्हणजे अर्कचित्रावरून माणसाची उंची मोजणे. गोगोलचे बालपण युक्रेनमध्ये गेले, रशियन जिल्हागाव त्याने बहुतांशी प्रवासातच पाहिले. त्याची प्रतिभा याने उणी होत नाही. साक्षीदार म्हणून त्याची योग्यता मात्र होते. आणि गंमत अशी की आपल्याकडे देशीवादाची चर्चा करताना शहरी नजरेवर तुटून पडणारे अभ्यासकही रशियात पोचताच बिनदिक्कत पीटर्सबर्गचा चष्मा चढवतात.

दुसरी सोय याच्या उलट टोकाची आहे: गावाला कादंबरीचे स्मारक करून टाकणे. दस्तयेव्हस्कीच्या घराचे संग्रहालय १९८१ मध्ये उघडले, २०१८ मध्ये खास या कादंबरीचे संग्रहालयही झाले. ग्रुशेन्काचे म्हणून एक घर दाखवतात. मला त्याचे वावडे नाही. पण ऑगस्ट १९४१ ते फेब्रुवारी १९४४ हे गाव जर्मनांच्या ताब्यात होते, आणि ते सुटले तेव्हा मोजकीच घरे उभी होती. आज प्रवासी जे रस्ते करामाझवांचे म्हणून हिंडतो, त्यांच्या कडेची बहुतेक घरे युद्धानंतर उभी राहिलेली आहेत, आणि त्यांत राहणाऱ्यांची आजीआजोबांकडून ऐकलेली आठवण मीत्याच्या खटल्याची नसून त्या अडीच वर्षांची आहे. ‘जुने रशियन वातावरण जसेच्या तसे’ असे प्रवासवर्णनात लिहिणाऱ्याने एवढे तरी विचारून घ्यायला हवे होते.

येत्या सत्रात हा पाठ शिकवताना मी अकराव्या पुस्तकातल्या त्या वृत्तपत्रापासून सुरुवात करणार आहे. ‘साचलेपण’ या शब्दाला माझ्याकडून गुण मिळणार नाहीत, हेही विद्यार्थ्यांना आधीच सांगितले आहे.