यंत्राचे उत्तर आणि आधाराचा प्रश्न

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे साहाय्यक आता पदव्युत्तर वर्गांपर्यंत पोहोचले आहेत. चर्चासत्रांतील निबंधांत, इतकेच नव्हे तर प्रबंधांच्या प्रास्ताविकांतही, त्यांच्या उत्तरांचा आढळ होऊ लागला आहे. एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, या गणितावर ही यंत्रे वाक्ये रचतात. विधानाच्या सत्यासत्यतेची तपासणी त्या रचनेत अंगभूत नसते. म्हणूनच कधीही न लिहिलेला ग्रंथ आणि कधीही न निघालेली आवृत्ती यांचा उल्लेख ती निःशंकपणे करतात. यावर असा उपाय सुचविला जातो की, वस्तुस्थितीविषयक प्रश्नांची उत्तरे देताना साहाय्यकाने केवळ विश्वसनीय म्हणून मान्य झालेल्या साधनांतच शोध घ्यावा. हा उपाय तत्त्वतः स्वीकारार्ह आहे. मात्र साधनांची यादी तयार झाली म्हणजे विश्वसनीयतेचा प्रश्न सुटला, असे मानणे मराठी अभ्यासाच्या दृष्टीने घातक ठरेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम उपायाची योग्य बाजू पाहू. मराठी विश्वकोश, केतकरांचा ज्ञानकोश, मोल्सवर्थचा कोश, चिकित्सक आवृत्त्या यांच्या मर्यादेत राहणाऱ्या यंत्राकडून कपोलकल्पित ग्रंथनामे दिली जाण्याचा संभव निदान कमी राहील. त्याचे विधान कोठून आले हे दाखविता येईल, आणि जे दाखविता येते ते तपासताही येते. संशोधनाची पहिली अट हीच होय.

परंतु मान्य साधनांतही एकवाक्यता नसते. तुकारामांचे जन्मवर्ष १५६८, १५७७, १५९८ आणि १६०८ असे चार प्रकारे सांगितले गेले आहे, आणि त्या प्रत्येक मतामागे विचारपूर्वक केलेली मांडणी आहे. त्यांच्या निर्याणाचे वर्ष कोठे १६४९ तर कोठे १६५० असे आढळते. परंपरेनुसार शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस त्यांचे निर्याण झाले. शकात ७८ मिळविले की १६४९ येते. परंतु फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना असल्यामुळे तो पुढील इसवी सनात पडतो, म्हणून ७९ मिळवावे लागतात. म्हणजे प्रतिष्ठित ग्रंथातही साधा गणिताचा दोष राहू शकतो. अभंगसंख्येचेही तसेच. मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ ते १८७३ या काळात प्रसिद्ध झालेली पंडितांची गाथा आणि जोगमहाराजांची गाथा यांतील संख्या एक नाही. तेव्हा ‘तुकारामांचे अभंग किती?’ या प्रश्नाचे उत्तर ‘कोणत्या गाथेत?’ हे विचारल्यावाचून देणे अशास्त्रीय होय. केवळ यादीतील साधन पाहून एकच आकडा सांगणारे यंत्र मतभेद लपवील, आणि तो लपविलेला मतभेद यादीच्या प्रतिष्ठेमुळे अधिकच निर्विवाद भासेल.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. १९०० मध्ये कोणी मराठी वाङ्मयाच्या विश्वसनीय साधनांची यादी केली असती, तर तीत ‘लीळाचरित्रा’ला स्थान मिळाले नसते. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली, आणि वि. ल. भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या नंतरच्या आवृत्तीत या वाङ्मयाला स्थान मिळाले. ती यादी प्रामाणिक असती आणि तरीही प्राचीन मराठी गद्याविषयी अज्ञानी असती. यादी ही ज्ञानाची त्या क्षणाची सीमा असते. ती सीमा ओलांडणे हेच संशोधकाचे काम. जात्यावरच्या ओव्या, अनियतकालिके, दलित चळवळीतील पत्रके, जिल्हास्तरावर छापलेल्या पुस्तिका यांचे स्थान आजच्या यादीत कोठे असेल?

येथे भाषेचाही प्रश्न येतो. यंत्राला वाचता येते ते संगणकीय रूपात असलेलेच. मराठीतील पोथ्या, जुनी नियतकालिके आणि अप्रकाशित प्रबंध यांचा मोठा भाग त्या रूपात नाही. काही ठिकाणी पानांची केवळ छायाचित्रे आहेत, शोधता येईल अशी संहिता नाही. अशा स्थितीत ‘विश्वसनीय’ याचा व्यवहारातील अर्थ ‘इंग्रजीत उपलब्ध’ असा होण्याचा धोका आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. परंतु तिच्याविषयीची उत्तरे परभाषेतील दुय्यम साधनांतून येणार असतील, तर त्या दर्जाला अर्थ राहणार नाही.

पदवीच्या विद्यार्थ्याला मतभेदांचा गोंधळ नको, एकच निश्चित उत्तर हवे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो मान्य होण्यासारखा नाही. जेथे उत्तर निश्चित आहे तेथे यंत्राने ते एका वाक्यात द्यावे. जेथे ते निश्चित नाही तेथे निश्चितीचा आभास निर्माण करणे ही सोय नसून दिशाभूल आहे.

म्हणून साधनांची मर्यादा घालावीच. परंतु ती तीन अटींसह. यंत्राने प्रत्येक विधानाबरोबर ग्रंथ, आवृत्ती व पृष्ठ सांगावे. मान्य साधनांत मतभेद असेल तर दोन्ही पक्ष मांडावेत. आणि आधार नसेल तर तो नाही असे स्पष्ट म्हणावे. यादीत कोणते ग्रंथ असावेत, हे ठरविण्याची जबाबदारी मात्र यंत्र बनविणाऱ्यांवर सोपविता येणार नाही. पाठचिकित्सा, कालनिर्णय, प्रक्षिप्तांची पारख ही आपली विद्या आहे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी साधनांची सटीप सूची सिद्ध करावी, ठरावीक काळाने ती तपासावी आणि तीतील ग्रंथ शोधता येतील अशा स्वरूपात आणावेत. हे काम आपण केले नाही, तर ते मराठी न वाचणारा कोणीतरी करील, आणि आपले विद्यार्थी त्याची उत्तरे आपल्याच विषयाची प्रमाणे म्हणून उद्धृत करतील.