आण्णांची परीक्षा नव्हे, तपासणी



गेल्या अंकानंतर तिघांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "घरातल्या मोठ्या माणसाला डॉक्टरांनी न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट सांगितली आहे. म्हणजे नक्की काय? तयारी काय करायची?" पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा आमच्याच घरचं सांगते. त्यात माझ्या दोन चुका आहेत, तेवढ्या तुम्ही टाळा.

आमचे आण्णा 72 वर्षांचे. निपाणीजवळच्या खेड्यात तंबाखूची शेती. 1981 च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं तंबाखू आंदोलन झालं, तेव्हा आण्णा निपाणीच्या हायवेवर बसले होते. भाकऱ्या कुठल्या गावातनं यायच्या, शेजारी कोण बसायचं, 6 एप्रिलला गोळीबार झाला तेव्हा कुणाला धरून ते पळाले, सगळं आजही जसंच्या तसं सांगतात. त्यामुळे आम्ही वर्षभर निर्धास्त होतो. एवढं आठवतंय म्हणजे डोकं शाबूत आहे, असं आमचं गणित.

ते गणित चुकीचं होतं. विस्मरणाच्या बऱ्याच आजारांत जुन्या आठवणी उशिरापर्यंत टिकतात. आधी निसटतं ते आजचं, कालचं. आण्णांनी खताच्या दुकानात एकच बिल दोनदा भागवलं. चहा पिऊन अर्ध्या तासात "चहा नाही का गं आज?" म्हणाले. मग बेंगळूरचा माझा भाऊ फोनवर म्हणाला, "पासबुक आणि एटीएम आपल्याकडे ठेवूया." आण्णांनी ते ऐकलं. म्हणाले, "मग मला बी कुठंतरी ठेवून या." दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे प्रश्न नुसत्या विसरण्याचा नव्हता, घरातल्या त्यांच्या जागेचा होता. म्हणून न्यूरॉलॉजिस्टनी ही तपासणी सांगितल्यावर मी लगेच हो म्हटलं.

पहिली चूक : मी आण्णांची उजळणी घेतली. आज वार कोणता, तारीख कोणती, पंतप्रधान कोण, घड्याळ काढून दाखवा. व्हिडिओ बघून आठवडाभर पाठ करून घेतलं. खोलीतही ते अडखळले की मीच उत्तर सांगत होते. शेवटी मला नम्रपणे बाहेर बसवलं. पाठ केलेल्या उत्तरांनी गुण वाढतात, पण जी अडचण शोधायला गेलो तीच झाकली जाते. रक्त तपासायच्या आधी कुणी त्यात पाणी मिसळतं का?

दुसरी चूक जास्त महाग पडली. अर्जावर भाषेच्या रकान्यात मी 'कन्नड' लिहिलं. तपासणाऱ्या मॅडमना मराठी येत नव्हतं आणि आण्णा बाजारात फर्डं कन्नड बोलतात, म्हटलं चालेल. पण आण्णांची शाळा मराठी, सातवीपर्यंत. हिशेब मराठीत, शिव्याही मराठीत. शंभरातून सात वजा करा म्हटल्यावर ते मनात 'त्र्याण्णव' म्हणतात. त्यात आधी तीन, मग नव्वद. कन्नडमध्ये 'तोंबत्तमूरु', म्हणजे आधी नव्वद, मग तीन. प्रत्येक पायरीला आकडा उलटा करायचा, त्यात पुढचं विसरायचं. शब्दांची यादी लक्षात ठेवतानाही तेच. गुण फार खाली आले. यातले किती आजाराचे आणि किती भाषेचे, ते आता कोण सांगणार?

ही भाषावादाची गोष्ट नाही. आपल्याकडे कन्नड घरातल्या आजीची तपासणी मराठीत झाली तरी हाच घोटाळा होईल. आयसीएमआरने स्मृतिभ्रंशासाठी चाचणीसंच तयार केला तो आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या 5 भाषांत. त्या पाचात मराठी नव्हती. 'मोका' ही छोटी प्राथमिक चाचणी मात्र मराठीत आहे. तेव्हा वेळ ठरवतानाच विचारा : तपासणी मराठीत होईल का?

आम्ही मग कोल्हापूर गाठलं. निपाणीहून चाळीसेक किलोमीटर. तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आधी पहिल्या तपासणीचा कागद मागितला, कारण त्याच चाचण्या लगेच पुन्हा घेतल्या तर सरावाचा परिणाम होतो. त्यांनी शब्दांची यादी वेगळी घेतली.

सुई नाही, मशीन नाही, दुखत काहीच नाही. आधी तासभर गप्पा : शिक्षण, काम, झोप, दारू-तंबाखू, पडझड, डोक्याला मार, घरात कुणाला असा त्रास. मग मला वेगळं बसवून विचारलं, कारण विसरणाऱ्याला आपण काय विसरलो हे बऱ्याचदा माहीत नसतं. नंतर कागद-पेन्सिलची कामं. शब्द ऐकून सांगणं आणि अर्ध्या तासानं तेच पुन्हा आठवणं, आकृती बघून काढणं, आकडे उलटे म्हणणं, एका मिनिटात जमतील तेवढ्या प्राण्यांची नावं. मन उदास आहे का, यावरही प्रश्न. चहाची सुट्टी धरून साडेतीन तास गेले. काही ठिकाणी दोन दिवसांत विभागून घेतात.

काही प्रश्न मुद्दामच अवघड असतात, सगळे कुणालाच येत नाहीत. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर आमच्या आण्णांसारखं होतं. बाहेर येऊन पडलेल्या आवाजात म्हणाले, "नापास झालो बघ पोरी." यात पास-नापास नसतं. त्याच वयाच्या, तेवढंच शिकलेल्या माणसांशी तुलना करून कुठलं काम चांगलं चालतंय आणि कुठं अडतंय, हे बघतात.

पंधरा दिवसांनी अहवाल समजावून सांगितला. नवीन गोष्ट लक्षात ठेवणं वयाच्या मानाने कमी. हिशेब, समज, भाषा ठीक. ऐकू कमी येतं, म्हणून निम्मं बोलणं मेंदूपर्यंत पोचतच नाही. रक्तात बी-12 कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. आजार नाहीच असं कुणी म्हणालं नाही. वर्षानं पुन्हा तपासायचं आहे. पण पासबुक आण्णांकडेच राहिलं. मोठ्या रकमेला माझी सोबत आणि दुकानात खात्याची वही, एवढं त्यांनी स्वतः कबूल केलं. रात्रीची मोटारसायकल बंद झाली, त्यावर अजून कुरबुर चालू आहे.

तुमच्यासाठी थोडक्यात :

आदल्या रात्री पुरेशी झोप आणि सकाळी पोटभर नाश्ता. चष्मा आणि कानाचं मशीन आठवणीनं न्या. चालू औषधांची यादी, एमआरआय आणि रक्ताचे रिपोर्ट सोबत ठेवा. कुठलंही औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका. कधीपासून काय बदललं, याची चार-पाच खरी उदाहरणं लिहून न्या. उजळणी घेऊ नका. तपासणारी व्यक्ती पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे ना, ते विचारा. आणि अहवाल नुसता हातात घेऊन येऊ नका, समजावून घ्या.

कर्नाटकात धारवाडची डिमहान्स आणि बेंगळूरची निमहान्स या सरकारी संस्था आहेत. कुठं जायचं हेच कळत नसेल तर टेलि-मानस, 14416. हा फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

जाता जाता आपल्या सीमाभागासाठी एक बरी बातमी. हैदराबादला 648 स्मृतिभ्रंश रुग्णांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, न शिकलेल्यांतसुद्धा. त्यामुळे आजार टळतो असं नाही. पण आण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बाजारातलं कन्नड वाया गेलं न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा विचारलं, "ते साडेचार वर्षांचं काय म्हणत होतीस?" मी पुन्हा सांगितलं. आता तेच करायचं आहे.