आपल्याच वाहिनीवरचा विश्वास उडतो तेव्हा

अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणूक नोव्हेंबर महिन्यात होते. परंतु तिचे खोल घाव पुष्कळदा वर्षाच्या पूर्वार्धातच झालेले असतात. आपल्याकडे पक्षाचे तिकीट कोणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवितात आणि नाराज इच्छुक फार तर बंडखोरी करतो. तेथे हा निर्णय राज्याराज्यांतील मतदार प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत घेतात. त्यामुळे एकाच पक्षाची, प्रसंगी एकाच घरातील माणसे महिनोनमहिने परस्परांसमोर उभी ठाकतात. २००८ साली डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन व बराक ओबामा यांच्यात झालेली लढत याच जातीची होती. ३ जानेवारीला आयोवा राज्यात सुरू झालेला हा संघर्ष ७ जूनला क्लिंटन यांनी माघार घेईपर्यंत चालला. दोघांच्याही पारड्यात प्रत्येकी पावणेदोन कोटींच्या आसपास मते पडली.

या संघर्षात आणखी एक गोष्ट दुभंगली. ज्या प्रसारमाध्यमांना डेमोक्रॅटिक मतदार आपली मानीत होते, त्यांच्यावरील त्यातील अनेकांचा विश्वास उडाला.

याची पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. वादग्रस्त विषयाच्या निरनिराळ्या बाजू मांडण्याचे बंधन नभोवाणी व दूरचित्रवाणी परवानाधारकांवर घालणारा नियम अमेरिकेत १९४९ पासून होता. तो १९८७ साली रद्द झाला. पुढे १९९६ साली एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज या दोन वृत्तवाहिन्या सुरू झाल्या. फॉक्स न्यूज रिपब्लिकन प्रेक्षकांची झाली. बुश यांच्या कारकिर्दीत, विशेषतः २००६ पासून, कीथ ओल्बरमन यांच्या घणाघाती भाष्यांमुळे एमएसएनबीसी विरोधी बाजूच्या प्रेक्षकांना आपलीशी वाटू लागली. या सर्व बदलांचे खापर त्या रद्द झालेल्या नियमावर फोडणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. शंभर वाहिन्यांच्या गर्दीत थोडे परंतु निष्ठावंत प्रेक्षक राखणे हा केबलच्या धंद्याचाच नियम होता.

८ जानेवारीला न्यू हॅम्पशायरमध्ये सर्व जनमत चाचण्या खोट्या ठरवून क्लिंटन विजयी झाल्या. दुसऱ्याच दिवशी एमएसएनबीसीचे ख्रिस मॅथ्यूज म्हणाले की, त्या सिनेटर झाल्या आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारही झाल्या, याचे कारण त्यांच्या पतीचे बाहेरख्यालीपण. आठवडाभराने त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. फेब्रुवारीत याच वाहिनीच्या डेव्हिड शुस्टर यांनी क्लिंटन यांच्या कन्येविषयी अशिष्ट शब्द वापरला आणि त्यांना काही काळ निलंबित करण्यात आले. मार्चमध्ये ओल्बरमन यांनी आपले घणाघाती भाष्य थेट क्लिंटन यांच्याविरुद्ध वळविले. त्याच महिन्यात डेमोक्रॅटिक कार्यकर्त्यांचे आवडते संकेतस्थळ डेली कॉस येथील क्लिंटन समर्थक लेखकांच्या एका गटाने चक्क ‘संप’ पुकारून तेथे लिहिणे थांबविले.

मग एक नवल घडले. पेनसिल्व्हेनियाचे तत्कालीन राज्यपाल, डेमोक्रॅटिक पक्षाचे एड रेंडेल, फॉक्स न्यूजवरच जाऊन म्हणाले की, या प्राथमिक निवडणुकीचे सर्वांत न्याय्य वार्तांकन याच वाहिनीने केले आहे. कालपर्यंत जी वाहिनी शत्रूचे ढोल मानली जात होती, ती एकाएकी निःपक्षपाती वाटू लागली! फॉक्सचे धोरण मात्र तसूभरही बदलले नव्हते.

ओबामा समर्थकांचीही तक्रार होतीच. १६ एप्रिलला फिलाडेल्फिया येथे एबीसीने घेतलेल्या वादविवादाचा पहिला मोठा भाग त्यांच्या कोटावरील ध्वजचिन्ह, त्यांचे जुने धर्मोपदेशक जेरेमाया राइट अशा प्रश्नांतच खर्ची पडला. प्रश्नकर्त्यांपैकी जॉर्ज स्टेफानोपोलस हे तर पूर्वी बिल क्लिंटन यांचे सहायक होते. त्यामुळे संशयाला आयतेच खाद्य मिळाले.

आता एक आकडेवारी पाहा. प्यू संशोधन केंद्राचा पत्रकारिता प्रकल्प आणि हार्वर्ड विद्यापीठातील शोरेनस्टाइन केंद्र यांनी १ जानेवारी ते ९ मार्च २००८ या काळातील वार्तांकन तपासले. उमेदवारांच्या व्यक्तिमत्त्वाविषयी केलेल्या विधानांपैकी अनुकूल विधाने ओबामांच्या वाट्याला ६९ टक्के, तर क्लिंटन यांच्या वाट्याला ६७ टक्के आली होती. म्हणजे तराजू जवळजवळ समतोल होता. मग एवढा संताप कशाचा? एक उत्तर १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दिलेले आहे. बैरुतमधील १९८२ च्या हत्याकांडाचे एकच वार्तांकन त्यांनी इस्रायलच्या व अरबांच्या समर्थक विद्यार्थ्यांना दाखविले. दोन्ही गटांना ते आपल्याविरुद्ध पक्षपाती वाटले.

तरीही ‘सारा मनाचा खेळ’ म्हणून क्लिंटन समर्थकांची वेदना बाजूला सारणे मला न्याय्य वाटत नाही. सरासरीत ६७ टक्के अनुकूल विधाने असली, तरी एखाद्या प्रेक्षक स्त्रीला आठवते ते पतीच्या बाहेरख्यालीपणाचे एकच वाक्य. आणि तिला ते ऐकविले होते तिच्याच बैठकीच्या खोलीतील, वर्षानुवर्षे विश्वासाने ऐकलेल्या आवाजाने. मात्र हाच आवाज विरोधकांवर तुटून पडत होता तेव्हा तिला तो सत्यवक्ता वाटला होता, हेही नाकारता येत नाही. सप्टेंबरमध्ये वाहिनीने ओल्बरमन व मॅथ्यूज यांना निवडणूक रात्रीच्या सूत्रसंचालनावरून दूर केले.

या वादळाची झळ ख्रिस्तसभेलाही लागली. शिकागोतील संत सबिना धर्मग्रामाचे फादर मायकल फ्लेगर यांनी २५ मे रोजी राइट यांच्या जुन्या चर्चमध्ये, व्यासपीठावरून क्लिंटन यांची नक्कल करून खिल्ली उडविली. चित्रफीत देशभर झळकली. त्यांनी क्षमा मागितली. कार्डिनल फ्रान्सिस जॉर्ज यांनी त्यांना उमेदवारांची नावे घेण्यास मनाई केली आणि काही काळ सेवेतून दूर राहण्यास सांगितले. ओबामांनी ते चर्चच सोडले. धर्मगुरूंनी पक्षीय भाष्यकाराचा आव आणला की व्यासपीठ आणि वाहिनी यांत अंतर उरत नाही, हे कार्डिनलांनी वेळीच ओळखले.

आठ वर्षांनी भूमिका उलटल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ई-मेलमधून असे उघड झाले की, सीएनएनच्या भाष्यकार डॉना ब्राझील यांनी चर्चेतील प्रश्नांची पूर्वकल्पना क्लिंटन यांच्या गोटाला दिली होती. सीएनएनने त्यांच्याशी संबंध तोडले. या खेपेस फसविले गेल्याची भावना बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांची होती, आणि ती केवळ भावना नव्हती. गॅलप संस्थेच्या पाहणीत प्रसारमाध्यमांवर बऱ्यापैकी विश्वास ठेवणारे अमेरिकन १९७६ साली ७२ टक्के होते. २०१६ साली ते ३२ टक्के उरले.

२००८ च्या त्या गदारोळात एक अपवाद मात्र घडला होता. ६ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोतील एका खासगी निधिसंकलन सभेत ओबामा म्हणाले की, पेनसिल्व्हेनियाच्या लहान गावांतील माणसे कटू झाली आहेत आणि म्हणून ती बंदूक वा धर्म यांना कवटाळतात. हे टिपणारी हफिंग्टन पोस्टची हौशी वार्ताहर स्वतः ओबामांची समर्थक होती. तिने त्यांना देणगीही दिली होती. पाच दिवसांनी तिने ते शब्द जसेच्या तसे प्रसिद्ध केले. २२ एप्रिलला पेनसिल्व्हेनियात क्लिंटन सुमारे नऊ टक्क्यांनी जिंकल्या. मतदानोत्तर चाचणीनुसार तेथील कॅथोलिक डेमोक्रॅटिक मतदारांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास त्यांच्या बाजूने होते. त्या वार्ताहर स्त्रीला मात्र स्वपक्षीयांकडून शिव्याशापच ऐकावे लागले.