मुहम्मद सुगतिप आणि आपली सोय

अंबरनाथचे शिवालय शके ९८२चे, म्हणजे इ. स. १०६०चे. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यात मराठी शिकविणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची प्राचीन कोकणाशी ओळख या देवळापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. शिलाहारांचा गौरव करायचा, मग थेट १२९६ साली अल्लाउद्दीन खलजीला देवगिरीवर आणायचे. मधली शतके गाळायची. ‘मुसलमान इथे आले ते तलवार घेऊनच’ हे वाक्य उच्चारावेही लागत नाही. ऐतिहासिक कादंबरी शिकविताना हे गृहीतक आपोआप कामाला लागते.

ते खोटे पाडणारा पुरावा दूरचा नाही. चिंचणी आज पालघर जिल्ह्यात आहे. २०१४पर्यंत ती आणि अंबरनाथ एकाच ठाणे जिल्ह्यात होती. चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८चा (इ. स. ९२६) आहे, म्हणजे अंबरनाथच्या देवळाहून १३४ वर्षांनी जुना. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील या संस्कृत लेखात संयान मंडलाचा, म्हणजे आज गुजरातेत असलेल्या संजाण परिसराचा, अधिपती आहे मधुमती उर्फ सुगतिप. तो ताजिक वंशातला, सहियारहाराचा पुत्र. ‘मधुमती’ हे मुहम्मदचे संस्कृत रूप. वडिलांच्या नावात ‘शहरियार’ हे इराणी नाव ऐकू येते. दुसऱ्या कृष्णाने त्याला हे मंडल दिले होते. त्याने किनाऱ्यावरच्या बंदरांचे अधिपती जिंकले, नद्यांवर मोफत तरी ठेवल्या, अन्नसत्र चालविले आणि अन्नय्य नावाच्या ब्राह्मणाच्या विनंतीवरून, इंद्राच्या संमतीने, देवीच्या मठिकेला दान दिले.

‘ताजिक’ म्हणजे अरब, तेव्हा हा इराणी कसा, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण हा वाद जिंकूनही गृहीतकाचे समर्थक काय मिळविणार? अरब असो वा इराणी, हा मुसलमान शासक राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणून येथे राज्य करीत होता. तो एकटा अपवादही नव्हता. अल्-मसूदी हिजरी ३०४ (इ. स. ९१६-१७) मध्ये चौलला आला, तेव्हा तेथील मोठ्या मुसलमान वस्तीचा प्रमुख ‘हुनरमन’ या फार्सी पदनामाने ओळखला जात होता.

दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही आमचे भांडण आहे. हा पट हाती लागताच ते सुगतिपाला सर्वधर्मसमभावाचा संत करून मोकळे होतील. तो संत नव्हता. बंदरे जिंकणाऱ्याला समुद्रावरचे उत्पन्न कळते. तरी आणि अन्नसत्र यांचा व्यापारी वाटेला उपयोग होतो. मठिकेला दिलेले दान स्थानिक प्रतिष्ठितांना जवळ आणते. शिवाय ताम्रपट म्हणजे प्रशस्ती. दात्याची स्तुती करणे हा तिचा धर्मच. तिच्यातील प्रत्येक विशेषण खरे मानणारा वाचक साहित्याचा विद्यार्थी नव्हे.

पण नेमके हेच वाचन आपण शिकवायला हवे. आक्रमक आणि संत, या दोन साच्यांपैकी एकात माणूस बसला की आपले व्याख्यान सोपे होते. सुगतिप दोन्हींत बसत नाही, म्हणून आपण त्याला वगळतो. इतिहासाने त्याला वगळलेले नाही. त्याचा पट प्रसिद्ध होऊन कित्येक दशके लोटली.

तेव्हा पुढच्या सत्रात ऐतिहासिक कादंबरीवर बोलताना ‘परकीय’ हा शब्द फळ्यावर लिहावा, शेजारी शके ८४८ लिहावे, आणि हा शब्द कोणत्या वर्षापासून, कोणाला, कोणी लावला, याचे उत्तर विद्यार्थ्यांकडून मागावे. आधी ते आपण स्वतः देऊन पाहावे.