नळ मोजले, आता धुतलेले हात मोजा

मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे यांस,


दरवर्षी १५ ऑक्टोबरला शाळांमधून जागतिक हात धुवा दिन साजरा होतो आणि शाळांच्या माहितीच्या यू-डायस या सरकारी नोंदणीत हात धुण्याच्या सोयीची नोंदही होते. पण नळ असला म्हणजे हात धुतले जातातच असे नाही. मुलांना विचारले, तर ‘हो, साबणाने धुतो’ हेच उत्तर येणार, कारण बरोबर उत्तर शाळेनेच शिकवलेले असते. बांगलादेशातील दोन प्राथमिक शाळांत मात्र अभ्यासकांनी मुलांना न विचारता प्रत्यक्ष पाहिले. शौचानंतर साबणाने हात धुणारी मुले तिथे अवघी ४ टक्के निघाली. मग हात धुण्याची नीट जागा बांधून तिथवर रंगीत वाट काढली, पावलांचे आणि हातांचे ठसे रंगवले. सहा आठवड्यांनी तेच प्रमाण ७४ टक्के होते. भाषणे नाहीत, घोषणा नाहीत. नुसत्या नळांच्या नोंदीवरून यातले काहीच कळले नसते.

अशी पाहून केलेली मोजणी आपल्या शाळांतही व्हावी. कोणी पाहत असले की माणूस नीट वागतो, हा त्यावरचा आक्षेप खरा आहे. बांगलादेशातच घरांमधल्या साबणाच्या वड्यांत हालचाल टिपणारी यंत्रे बसवली, तेव्हा निरीक्षक हजर असताना वडी सुमारे ३५ टक्के अधिक वेळा हलल्याचे दिसले. म्हणून डोळ्यांनी केलेल्या मोजणीला दुसरी जोड हवी. सोमवारी आणि शनिवारी कोरडी वडी वजनकाट्यावर ठेवून किती झिजली ते पाहावे. वडी चोरीला जाते, पाण्यात विरघळते, म्हणून हा आकडाही एकटा पुरत नाही, पण दोन्ही एकत्र ठेवले की फसगत कमी होते.

शिक्षकांवर आणखी एक अशैक्षणिक काम लादू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. ही मोजणी डी.एल.एड.च्या छात्राध्यापकांकडे द्यावी. आंतरवासितेसाठी ते शाळांत येतातच. त्यांनी पोषण आहाराच्या आधी नळापाशी, आगाऊ न कळवता उभे राहावे. शौचालयाच्या आत कोणी डोकावू नये. मुलाचे नाव नको, फोटो नको. किती आली, किती जणांनी साबण लावला, एवढेच लिहावे. परिपाठात नखे तपासून एखाद्या मुलीला सगळ्यांसमोर उभे करण्याची रीत या कामात कदापि शिरता कामा नये. मोजणी शाळेची आहे, मुलाची नव्हे. आकडा कमी आला, तर मुख्याध्यापकांना नोटीस न पाठवता आधी साबणाचा खर्च कोणत्या निधीतून होतो आणि तो वेळेवर पोचतो का, हे आपल्या कार्यालयाने तपासावे.

कळावे,
एक नागरिक