कापशीच्या पोटातला उंदीर

शाळू पोटरीत आला आणि हरभऱ्याला घाटे धरू लागले की पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळांवर, बांधांवर लांब भिंगांचे कॅमेरे दिसू लागतात. भिगवणला रोहित पाहायला जाणारी गर्दी वेगळी. ही मंडळी जलाशयाकडे पाठ करून इंदापूर-बारामतीकडच्या कोरड्या माळाच्या कडेला गाडी उभी करतात आणि आकाशाऐवजी जमिनीलगत पाहत बसतात. त्यांना हवा असलेला पक्षी तिथेच उडतो: हॅरियर, म्हणजे आपला भोवत्या. पंख थोडे वर उचलून, पिकाच्या शेंड्यांना जणू स्पर्श करत तो शेतामागून शेत चाळत जातो.

गेली दहाएक वर्षे रविवारची ड्यूटी नसली की मीही या मंडळींत असतो. छंद चांगला आहे. पन्नाशीच्या माणसाला तो पहाटे उठवतो, तासन् तास गप्प बसवतो, आणि रक्तदाबालाही त्याची तक्रार नसते. पण आज त्या फायद्यांवर लिहायचे नाही. आपण या पक्ष्याचा पंख, डोळा, झेप टिपतो. त्याच्या ताटात काय वाढलेले आहे हे फार थोडे जण पाहतात. ते ताट मला वॉर्डातून ओळखीचे आहे.

शिकारी पक्षी न पचलेले केस, हाडे, कीटकांची कवचे यांची गोळी करून ती तोंडावाटे बाहेर टाकतात. आमच्या भाषेत सांगायचे तर रुग्णाने न मागता आणून दिलेला तपासणीचा नमुना. गुजरातमध्ये भावनगर जिल्ह्यातल्या वेळावदर राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात हजाराहून जास्त हॅरियर रात्री गवतात, चक्क जमिनीवर, मुक्कामाला उतरल्याच्या नोंदी १९९०च्या दशकातल्या आहेत. तिथल्या गोळ्या तपासल्या गेल्या तेव्हा त्यांत टोळ आणि नाकतोडे भरपूर निघाले. कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ प्रदेशातून हजारो किलोमीटर उडून आलेला हा पाहुणा आपल्या शेतातली कीड खाऊन हिवाळा काढतो. त्याचा चेहराही घुबडासारखा थोडा चपटा, तबकडीसारखा असतो. गवतात न दिसणारा उंदीर त्याला खसखशीवरून ऐकू येतो.

कापशी घार मात्र आपली इथलीच. कावळ्याहून लहान, पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग आणि डोळे लालभडक. विजेच्या तारेवर बसते, मधूनच हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते आणि पाय खाली सोडून अलगद उतरते. तिचे मुख्य अन्न उंदीर. हिवाळ्यात येणारी खरुचीही अशीच हवेत थांबते. तिला नाकतोडाही चालतो, उंदीरही. रात्री हीच पाळी गव्हाणी घुबड सांभाळते. त्याला अपशकुनी म्हणणाऱ्यांच्या धान्याची राखण तेच करत असते, हा भाग निराळा.

आता त्या उंदराविषयी. आपल्याकडे विषाला ‘औषध’ म्हणण्याची पद्धत आहे. फवारायचे ते औषध, उंदरांना घालायचे तेही औषध, आणि अपघात विभागात रात्री नातेवाईक सांगतात तेही तसेच, ‘डॉक्टर, यानं औषध घेतलंय.’ उंदरांच्या एका प्रकारच्या विषाबाबत मात्र हा शब्द अक्षरशः खरा आहे.

हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांना आम्ही वॉरफेरिन देतो. रक्त गोठून झडप अडकू नये म्हणून. या गोळीचा उगम गुरांच्या गोठ्यात आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातले द्रव्य शोधून काढले. त्याच कुळातून पुढे वॉरफेरिन तयार झाले. ते १९४८मध्ये बाजारात आले ते उंदीर मारण्यासाठी. माणसांसाठी त्याला परवानगी मिळाली १९५४मध्ये. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते दिले गेले. काम एकच: रक्त गोठवणारे घटक बनवायला यकृताला ‘के’ जीवनसत्त्व लागते, त्याचा पुनर्वापर हे द्रव्य बंद पाडते.

उंदीर हुशार निघाले. काही ठिकाणी वॉरफेरिन पचवणाऱ्या जाती तयार झाल्या, म्हणून दुसऱ्या पिढीची विषे आली. आपल्या कृषी सेवा केंद्रांत मिळणारे ब्रोमॅडिओलोन त्यांतलेच. आमिषात त्याचे प्रमाण असते ०.००५ टक्के. हे पुरते, कारण ते यकृताला चिकटून बसते आणि महिनोन्‌महिने तिथून हलत नाही. वॉरफेरिनवरच्या रुग्णाचे रक्त फार पातळ झाले तर आम्ही गोळी थांबवतो, काही दिवसांत ते जागेवर येते. ब्रोमॅडिओलोन मोठ्या प्रमाणात पोटात गेलेल्या माणसाला ‘के’ जीवनसत्त्व कधीकधी काही महिने द्यावे लागते.

पण पक्ष्याच्या दृष्टीने सर्वांत घातक गोष्ट वेगळीच. आमिष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, त्याला काही दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत तो पुन्हा पुन्हा आमिष खातो, सुस्तावतो, दिवसाउजेडी उघड्यावर येतो, पळायचा कंटाळा करतो. तारेवर बसलेल्या कापशीला याहून सोपी शिकार कोणती? सोप्या शिकारीमागे जाणे हाच तर शिकारी पक्ष्याचा शहाणपणा, आणि इथे तोच त्याच्या जिवावर उठतो. ब्रिटनमध्ये मेलेल्या शिकारी पक्ष्यांची यकृते नियमितपणे तपासली जातात. तिथल्या ८० टक्क्यांहून अधिक गव्हाणी घुबडांत या गटातल्या विषांचे अंश सापडले आहेत. अंश सापडला म्हणजे पक्षी त्यानेच मेला असे नाही, हे डॉक्टर म्हणून सांगायला हवे. पण ताट किती दूषित आहे याचा तो रिपोर्ट नक्कीच आहे. आपल्याकडे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२३च्या अहवालाने पक्ष्यांची आहारानुसार विभागणी केली, तेव्हा मोठी घट दिसली ती उंदीर-सरड्यांसारखे पृष्ठवंशी प्राणी आणि मेलेली जनावरे खाणाऱ्यांत. गिधाडांची गोष्ट सर्वांना माहीत आहे. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने ती संपली, आणि ते औषध आम्ही रोज गुडघेदुखीला लिहितो. जनावरांसाठी त्याच्यावर २००६मध्ये बंदी आली. बाकीच्या शिकारी पक्ष्यांचा तपास आपण अजून नीट सुरूही केलेला नाही.

‘मग ब्रोमॅडिओलोन बंद करा’ असे म्हणून मोकळे होता आले असते. पण मी सरकारी रुग्णालयात काम करतो आणि दुसरी बाजू माझ्यासमोर खाटेवर असते. उंदरांसाठी वापरले जाणारे दुसरे विष म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, बोलत असतो, आणि रक्तदाब हाताला लागत नाही. तिसरी ती पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट. ती घेतलेला तरुण दुसऱ्या दिवशी ठणठणीत दिसतो, घरचे डिस्चार्ज मागतात, आणि नंतरच्या दिवसांत यकृत निकामी होत जाते. या दोन्हींच्या तुलनेत ब्रोमॅडिओलोनवर उतारा आहे आणि वेळही मिळतो. चिमूटभर आमिष तोंडात घातलेले मूल बहुधा फक्त देखरेखीवर घरी जाते. उलट पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर झिंक फॉस्फाइड उंदराच्या मांसात फारसे साठत नाही, ब्रोमॅडिओलोन साठते. म्हणजे वॉर्डाला जे बरे ते घुबडाला वाईट, घुबडाला जे बरे ते वॉर्डाला वाईट. विषांची अदलाबदल करून हा पेच सुटत नाही.

म्हणून माझे मत असे. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट दुकानातून हद्दपार व्हायला हवी, यावर चर्चेलाही जागा नाही. घरात पिंजरा वापरावा. स्वयंपाकघरात लहान मुले आणि कपाटात झिंक फॉस्फाइडची पुडी हे समीकरण मी फार वेळा पाहिले आहे. शेतात आमिष घालणे टळतच नसेल तर ते उघड्या बांधावर पसरू नये, चालू बिळात आत ठेवून बीळ बुजवावे, आणि मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. हे शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि म्हणूनच सर्वांत कमी होते. एकट्या शेतकऱ्याने काही साधत नाही, कारण उंदराला गट नंबर कळत नाही. गावाने एकाच आठवड्यात हंगामाच्या सुरुवातीला बिळे शोधली तर विष कमी लागते.

हरभऱ्यातल्या घाटे अळीसाठी कृषी विभाग पक्षीथांबे लावायला सांगतो, एकरी वीसेक. काठीला आडवी काठी बांधली की झाले. दिवसा तिथे कोतवाल आणि साळुंक्या बसतात, खरुचीही बसते, रात्री घुबड. अनेक शेतकरी ते आवडीने लावतात. मात्र एकीकडे पक्षीथांबे आणि त्याच शेताच्या बांधावर उघडे आमिष, म्हणजे पाहुण्यांना पाट मांडून बोलवायचे आणि ताटात विष वाढायचे.

टोळ-नाकतोड्यांच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडलेले आहे. स्वेन्सन्स हॉक हा अमेरिकेतला बाज थंडीत अर्जेंटिनाच्या शेतांवर उतरतो आणि तिथे आपल्या हॅरियरसारखेच नाकतोडे खातो. १९९०च्या दशकाच्या मध्यात ट्रान्समीटर लावलेल्या बाजांचा माग काढत संशोधक तिथे पोहोचले, तर शेतांत आणि झाडांखाली मेलेल्या बाजांचा खच. एका हंगामात मोजलेले मृत पक्षी पाच हजारांच्या वर गेले. शेतकऱ्यांनी नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारले होते. हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले, तेव्हा वापरातल्या कीटकनाशकांत तेही होते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, अॅट्रोपीनची सलाईन: हे चित्र आमच्या प्रत्येक निवासी डॉक्टरला पाठ असते. विष ज्या एन्झाइमला पकडते ते माणसात आणि बाजात एकच आहे. फरक एवढाच, की माणसाला कोणीतरी गाडीत घालून आणते.

इथे कॅमेरेवाल्यांचे काम सुरू होते. सध्या आपण एकमेकांना दाखवतो ते चंदेरी नर हॅरियरचे उडते फोटो. त्यासाठी जीप माळावर घालतात, पक्षी उडेपर्यंत जवळ जातात, काही जण तर पिंजऱ्यातला उंदीर सोडून झेप ‘घडवून’ आणतात. जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याच्या मुक्कामावर संध्याकाळी टायर फिरवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. गाडी रस्त्यावरच राहू द्यावी, खाली उतरू नये. पक्षी माणसाला घाबरतो, उभ्या गाडीला फारसा नाही, आणि फोटोही चांगले येतात. सूर्य मावळायच्या आत मुक्कामाच्या गवतापासून दूर व्हावे.

आणि जो फोटो कोणी काढत नाही तो काढावा. बांधावर पंख पाडून बसलेली, जवळ गेले तरी न उडणारी कापशी. विजेच्या खांबाखाली पडलेले घुबड. भरदुपारी शेतात झिंगल्यासारखा फिरणारा उंदीर. तारीख, गाव, पीक आणि शेजारच्या शेतात अलीकडे काय फवारले किंवा घातले, एवढी नोंद सोबत ठेवावी. शेतकऱ्याला दरडावून नव्हे, चहा घेत विचारले तर तो सांगतो. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, बर्ड फ्लूचीही शक्यता असते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि शवविच्छेदनाचा आग्रह धरावा. तिथेही ‘अज्ञात कारणाने मृत्यू’ एवढ्यावर समाधान मानू नये. यकृताचा तुकडा गोठवून ठेवला तर रक्त पातळ करणाऱ्या विषांचा तपास पुढे कधीही करता येतो, आणि कीटकनाशकाचा संशय असेल तर मेंदूतल्या कोलिनएस्टरेजची पातळी बोलते. विषबाधेने दगावलेल्या माणसाचा व्हिसेरा आपण राखून ठेवतोच. कापशीचा राखायला एक लहान बरणी आणि फ्रीझरमधला एक कोपरा पुरेल.